चेतसिकं शिकताना या चुका टाळा

अभिधम्म, म्हणजे बौद्ध परंपरेतलं मनाचं बारीक विश्लेषण, हाती घेतला की बहुतेक जण आधी ५२ चेतसिकं (चित्तासोबत उपजणारे मनाचे घटक) पाठ करतात: १३ अन्यसमान (चांगल्या-वाईट दोन्ही चित्तांत येणारी), १४ अकुसल (वाईट), २५ सोभन (सुंदर). यादी तोंडपाठ होते, पण राग आल्यावर मनात नेमकं काय चाललंय ते तिच्यावरून कळत नाही. चूक पाठांतराची नाही, चेतसिकं सुटी सुटी पाहण्याची आहे. एकटं चेतसिक कधी उपजतच नाही. कुठलंही चित्त, म्हणजे जाणिवेचा एक क्षण, घ्या; फस्स (विषयाशी स्पर्श), वेदना (सुख-दुःखाचा अनुभव), सञ्ञा (ओळख), चेतना (हेतू), एकग्गता (एकाग्रता), जीवितिन्द्रिय (जीवनशक्ती) आणि मनसिकार (लक्ष देणं) ही सात त्यात असतातच. म्हणून ‘कोणतं आलं?’ यापेक्षा ‘कोणकोणती मिळून आली?’ असं विचारा.

एकग्गता या सातांतलीच आहे, हे विसरलं की दुसरी चूक होते. मन एका जागी ठरलं म्हणजे चित्त कुसल (चांगलं) झालं, असं नाही. सावजावर डोळा ठेवून बसलेल्या शिकाऱ्याचं मनही ठरलेलंच असतं, पण तिथे सति (सजगता) नसते. थेरवादी (पालि परंपरेच्या) अभिधम्मानुसार सति अकुसल चित्तात येत नाही.

सर्वांत जास्त त्रास देणारी चूक मात्र कुक्कुच्चाची. केलेल्या वाइटाबद्दल आणि न केलेल्या चांगल्याबद्दल मनाला लागलेली ही टोचणी. चांगली माणसं तिलाच सद्गुण समजतात आणि वर्षानुवर्षं जपतात. अभिधम्मात ती दोसमूलक (द्वेष मुळाशी असलेल्या) चित्तातच येते, दोमनस्साबरोबर (मनाच्या दुःखाबरोबर). शिवाय प्रत्येक अकुसल चित्तात मोह, उद्धच्च (चंचलता), अहिरिक (वाइटाची लाज नसणं) आणि अनोत्तप्प (वाइटाची भीती नसणं) असतात, म्हणजे पश्चात्तापाने जळताना त्या क्षणी हिरी (वाइटाची लाज) नसते! हिरी आणि ओत्तप्प (वाइटाची भीती) सोभन आहेत; ती पुढच्या वाइटापासून परतवतात आणि त्यांच्यासोबत मनाचा हलकेपणा, मृदुता येते. ओळखायची खूण हीच: टोचणीने मन आक्रसतंय की मोकळं होतंय?

शेवटची चूक वेगवेगळ्या परंपरांचे तक्ते मिसळण्याची. बौद्ध आचार्य वसुबंधूच्या अभिधर्मकोश या संस्कृत ग्रंथात ४६ चैत्त (चेतसिकंच) आहेत, योगाचार या महायान परंपरेत ५१. कोशात स्मृती (सति) प्रत्येक चित्तात असते आणि कौकृत्य (कुक्कुच्च) कुशलही असू शकतं, म्हणजे वर सांगितलेल्या दोन्ही गोष्टी तिथे बदलतात. त्यामुळे आधी एकच ग्रंथ धरा. थेरवादासाठी आचार्य अनुरुद्धांचा अभिधम्मत्थसंगह घ्या. पालि येत असेल, तर सोबतीला धर्मानंद कोसंबींची त्यावरची नवनीत टीका आहे.