श्रावणी सोमवारची शिवामूठ: घरच्या घरी कशी वाहावी

लग्नानंतरची पहिली पाच वर्षे श्रावणातल्या दर सोमवारी महादेवाला मूठभर धान्य वाहायचे, हे शिवामुठीचे व्रत. लागते फार थोडे, पण ते आदल्या दिवशी हाताशी असावे लागते.

आधी कॅलेंडर बघा. आपला श्रावण आषाढी अमावास्येनंतर, म्हणजे दिव्यांच्या अवसेनंतर लागतो. उत्तर भारतात तो आपल्या पंधरा दिवस आधीच सुरू झालेला असतो, त्यामुळे तिकडच्या तारखा बघून व्रत धरू नका. मुठींचा क्रम ठरलेला आहे: पहिल्या सोमवारी तांदूळ, दुसऱ्या तीळ, तिसऱ्या मूग, चौथ्या जव. पाचवा सोमवार आला तर सातू. २०२४ साली ५ ऑगस्ट ते २ सप्टेंबर असे पाच सोमवार होते. २०२५ मध्ये मात्र चारच आले. जव आणि सातू कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतीलच असे नाही, म्हणून पहिल्याच आठवड्यात पूजासाहित्याच्या दुकानातून आणून ठेवा.

रविवारीच करायचे

बेल आजच आणा. सोमवारी बेल तोडू नये असा संकेत आहे, आणि बेलाचे पान शिळे होत नाही असे मानतात, तेव्हा काळजी नको. पाने तीनदली, न फाटलेली निवडा. सोबत पांढरी फुले, मिळाल्यास धोतरा. तुळस आणि केवडा महादेवाला वाहत नाहीत.

संध्याकाळी वालाचे बिरडे करायचे असेल, तर तयारी शनिवारी रात्रीच सुरू होते. वाल रात्री भिजत घाला, रविवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा. सोमवारी दुपारी मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकले की साले भराभर निघतात.

सोमवारची पूजा

आंघोळ करून ताम्हनात पिंडी ठेवा. पाण्याने, मग चमचा-चमचा पंचामृताने, पुन्हा स्वच्छ पाण्याने अभिषेक करा. दुधाच्या पिशव्या रिकाम्या करायची काहीच गरज नाही. ते दूध घरातल्या मुलांना द्यावे, असे मला मनापासून वाटते.

आता पिंडी नीट पुसून घ्या आणि ताम्हनही कोरडे करा. पुष्कळ जणी इथे घाई करतात आणि धान्य भिजून वाया जाते. गंध, भस्म, अक्षता, फुले वाहा. बेलाचे पान पालथे ठेवतात. मग उजव्या हातात धान्य घेऊन मूठ उभी धरा आणि धार पिंडीवर सोडत म्हणा: ‘शिवा शिवा महादेवा, माझी शिवामूठ ईश्वरा देवा, सासू-सासऱ्या, दिरा-भावा, नणंदा-जावा, भ्रतारा, नावडती आहे ती आवडती कर रे देवा.’ घरोघरी शब्द थोडे बदलतात. तुमच्या सासूबाई म्हणतात तसेच म्हणा.

त्यानंतर शिवामुठीची कहाणी वाचायची, आणि तीही मोठ्याने. गोठ्यात राहणारी, उष्टेमाष्टे खाणारी नावडती सून नागकन्या-देवकन्यांकडून हे व्रत शिकते. सोने नाही, नाणे नाही, फक्त एक मूठ. ‘साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ होईपर्यंत घरातल्यांनीही बसावे.

देवळात जाणार असाल तर गर्दीत पिंडीवर धान्य ओतू नका. गुरुजींना विचारून बाजूच्या पात्रात वाहा. प्रदक्षिणा अर्धी घालायची: अभिषेकाचे पाणी जिथून बाहेर पडते तिथपर्यंत जायचे, ते न ओलांडता मागे फिरायचे. घरी वाहिलेले धान्य दुसऱ्या दिवशी पाखरांना किंवा गरजूला द्या.

उपास

दिवसभर फळे, दूध, फार तर वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. दोन वेळा तुपातली साबुदाणा खिचडी खाल्ली तर संध्याकाळी पोट जड होते आणि पानावरच्या जेवणाची गोडी जाते. मधुमेह असेल, गरोदरपण असेल, तर डॉक्टरांना विचारा आणि उपास सोडून नुसती मूठ वाहा. ती तितकीच पावते. सोमवारचा उपास त्याच दिवशी सुटतो. दिवे लागायच्या सुमारास नैवेद्य दाखवून केळीच्या पानावर वरण-भात, बिरडे, अळूचे फदफदे आणि एखादे गोड वाढा. कांदा-लसूण नको.

परदेशात बेल, जव मिळाले नाहीत तर त्यांच्या जागी अक्षता वाहा. ही सोय जुनीच आहे. मधले एखादे वर्ष सोयर-सुतकात किंवा बाळंतपणात चुकले, तर पुढे एक वर्ष वाढवून पाच पुरी करा.