कामातून आलेला आजार ओळखताना या चुका टाळा

केस पेपरवर नाव, वय आणि गाव यांच्याखाली 'व्यवसाय' असा एक रकाना असतो. रुग्ण आपल्यासमोर, म्हणजे डॉक्टरांसमोर, येऊन बसण्याआधीच खिडकीवरच्या कारकुनाने तो 'मजूर', 'नोकरी', 'शेती' किंवा 'घरकाम' अशा एका शब्दात भरून टाकलेला असतो आणि आपण तो शब्द वाचून पुढे सरकतो. व्यवसायजन्य आजार हातून निसटतो तो बहुधा इथेच, तपासण्यांचा प्रश्न येण्याच्या कितीतरी आधी. रामाझ्झिनी या इटालियन वैद्याने १७०० साली, रुग्णाला 'तुम्ही काम काय करता?' हेही विचारले पाहिजे, असा आग्रह धरला होता. माणूस जन्मभर एकच धंदा करीत असे, त्या काळी तेवढा प्रश्न पुरत असेल. आज तो पुरत नाही.

कामाचे नाव लिहून थांबणे

चाळिशीतला एक रुग्ण दीर्घकाळच्या खोकल्यासाठी माझ्याकडे येत असे. क्षयरोगाची औषधे त्याने दोनदा पूर्ण केली होती आणि दोन्ही वेळा थुंकीत जंतू सापडले नव्हते. मीही पहिल्या भेटीत 'मजूर' एवढेच लिहिले होते. तिसऱ्या भेटीत विचारले, "मजुरी म्हणजे नेमकं काय?" तो म्हणाला, "फरशीचं काम." "लावता की कापता?" "कापतो. कटर मारतो." "पाणी सोडून?" तो हसला. "पाणी कुठलं साहेब, सातव्या मजल्यावर पाणी चढवायचं कोणी? कोरडंच." पुढचा प्रश्न दगडाचा होता, कारण संगमरवरात सिलिका (जिची बारीक धूळ फुप्फुसांना इजा करते ते खनिज) नगण्य असते, ग्रॅनाइटमध्ये ती बरीच असते आणि ओट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम क्वार्ट्झमध्ये तिचे प्रमाण ९० टक्क्यांच्याही वर जाऊ शकते. तो अकरा वर्षे ग्रॅनाइट कापत होता. एक्स-रेमध्ये फुप्फुसांच्या वरच्या भागात दिसणारे बारीक ठिपके तेच होते. त्यांचा अर्थ मात्र आता वेगळा लागला आणि पुढच्या तपासण्यांत सिलिकोसिसचे, म्हणजे सिलिकाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसांच्या आजाराचे, निदान झाले.

म्हणून हातात काय असते, धूळ किंवा वाफ कुठून येते, खोलीला खिडकी आहे का, शेजारी काम करणाऱ्याला असाच त्रास आहे का, हे विचारावे. आजच्या कामाइतकेच पहिले कामही महत्त्वाचे आहे. ॲस्बेस्टॉसमुळे होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग साधारणपणे २० ते ४० वर्षांनी प्रकट होतो, त्यामुळे छातीत पाणी झालेला साठीचा वॉचमन तरुणपणी कुठे कामाला होता, हे विचारल्याशिवाय कळणार नाही. केस पेपरवर 'घरकाम' लिहिलेल्या बाईंना घरातील इतरांची कामे विचारावीत, कारण बॅटरीच्या कारखान्यातून येणारे कपडे त्याच झटकतात आणि शिसे त्या कपड्यांबरोबर घरातल्या लहान मुलांपर्यंत पोहोचते.

वेळेचा हिशेब न मांडणे

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक ही आहे. 'कामावर त्रास होतो का?' या प्रश्नाला अनेक रुग्ण प्रामाणिकपणे 'नाही' म्हणतात, कारण त्यांचा दम रात्री घरी लागतो. मोटारींवर स्प्रे पेंटिंग करणाऱ्याला रंगातील आयसोसायनेट या रसायनामुळे किंवा बेकरीतल्या कारागिराला पिठामुळे होणारा दमा काम संपल्यावर काही तासांनी उसळू शकतो, आणि मग आपण त्याला घरातील धूळ किंवा हवामान यांच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. 'इतकी वर्षे हेच काम करतोय, तेव्हा काही झाले नाही,' हे रुग्णाचे म्हणणेही दिशाभूल करते, कारण शरीर एखाद्या पदार्थाला संवेदनशील होण्यास महिने आणि कधी कधी वर्षे लागतात. त्याऐवजी सुट्टीबद्दल विचारावे. एका दिवसाच्या सुट्टीत श्वासनलिकांची सूज उतरत नाही, म्हणून मी विचारतो, "गणपतीला गावी आठ दिवस गेलात, तेव्हा पंप किती वेळा लागला?" गावाला पंप पिशवीतून काढावाच लागला नाही, असे उत्तर आले, तर संशयाला चांगला आधार मिळाला असे समजावे.

कापसाच्या धुळीने होणाऱ्या बिसिनोसिसचा क्रम नेमका उलटा असतो. सुरुवातीच्या अवस्थेत छाती भरते ती सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी, आणि आठवडा पुढे सरकेल तसा त्रास कमी होतो. पुस्तकात याला 'सोमवारचा त्रास' म्हटलेले असते, म्हणून आपण सोमवारबद्दल विचारतो. पण सुट्टीचा वार सगळीकडे सारखा नसतो. पुण्याच्या औद्योगिक पट्ट्यात गुरुवारची सुट्टी सर्रास असते, आणि तेथे हा प्रश्न शुक्रवारबद्दल विचारावा लागेल.

साखर कारखान्याच्या परिसरातील डॉक्टरांनी तिसरा एक क्रम ध्यानात ठेवावा. साठवून बुरसटलेला बगॅस (उसाचे चिपाड) उपसणाऱ्या कामगाराला चार ते आठ तासांनी थंडी-ताप, खोकला आणि धाप सुरू होते आणि काम थांबले की एक-दोन दिवसांत ओसरते. हा बगॅसोसिस 'व्हायरल' किंवा न्यूमोनिया म्हणून सहज खपून जातो. अशा रुग्णाचा ताप प्रतिजैविकांनी उतरलासा वाटतो. प्रत्यक्षात तो घरी बसल्यामुळे उतरलेला असतो.

शेतीत हा हिशेब हंगामाशी जोडावा लागतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २०हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. गंभीर रुग्ण ओळखणे तुलनेने सोपे असते. डोके दुखते, मळमळते, घाम सुटतो, धूसर दिसते, असे सांगणारा सौम्य बाधेचा रुग्ण मात्र उष्मा किंवा पित्त समजून परत पाठवला जातो. त्याच्या डोळ्यांतील बाहुल्या पाहाव्यात आणि शेवटची फवारणी कधी केली, हे विचारावे. येथे भाषेचीही एक अडचण आहे. शेतकरी कीटकनाशकालाही 'औषध'च म्हणतो, त्यामुळे 'कोणते औषध घेता?' या प्रश्नाला तो रक्तदाबाची गोळी सांगेल आणि पाठीवरच्या पंपातील औषधाचा उल्लेखही करणार नाही. डबा किंवा त्याचा फोटो आणायला सांगणे सर्वांत खात्रीचे.

अहवालातील 'नॉर्मल' शब्दावर विसंबणे

काही कीटकनाशकांच्या बाधेत रक्तात घटणाऱ्या कोलिनएस्टरेज या एन्झाइमचे मूल्य माणसागणिक बरेच वेगळे असते. ज्याचे मूळ मूल्य वरच्या टोकाला होते, त्याचे ते बरेच घसरूनही नॉर्मल मर्यादेतच दिसू शकते. त्यामुळे समोर लक्षणे असताना अहवाल पाहून निदान सोडून देऊ नये आणि उपचारही त्यासाठी खोळंबून ठेवू नयेत. दम्याच्या रुग्णाची सुट्टीच्या दिवशी केलेली स्पायरोमेट्री (श्वासाच्या क्षमतेची तपासणी) चांगली येणारच. त्याच्या हाती छोटा पीक फ्लो मीटर (श्वास किती जोरात सोडता येतो हे मोजणारे उपकरण) देऊन दिवसातून किमान चार वेळा, कामाचे आणि सुट्टीचे दिवस धरून चार आठवडे, नोंदी करायला सांगितल्या, तर चढउतार वहीतच दिसतो. रक्तातील शिसे काम सुटल्यावर महिन्याभरात निम्म्यावर येऊ शकते, तर हाडांतले वर्षानुवर्षे राहते. म्हणजे उशिरा केलेली तपासणी खोटा दिलासा देते.

ऐकण्याच्या तपासणीत उलट चूक होते. यंत्रमागाच्या खडखडाटातून थेट आलेल्या कामगाराची ऑडिओमेट्री केली, तर तात्पुरता बधिरपणाही कायमचा म्हणून नोंदला जातो. गोंगाटापासून किमान १४ ते १६ तास दूर राहिल्यानंतरच ती करावी. दोन्ही कानांत ४००० हर्ट्झ कंपनसंख्येच्या आसपास खळगा (ऐकण्यातील घट) आणि ८००० वर पुन्हा सुधारणा, असा आलेख गोंगाटाकडे बोट दाखवतो. एकाच कानाचे ऐकू येणे कमी झाले असेल, तर ते मागाच्या माथी न मारता रुग्णाला कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे पाठवावे.

एक कारण सापडताच शोध थांबवणे

रुग्ण बिडी ओढतो, हे कळले की आपली लेखणी थांबते. बिडीने धुळीचा दोष कमी होत नाही. ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले, तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. सिलिकोसिसचे निदान झाल्यावर क्षयरोग विसरणे हीही तितकीच गंभीर चूक आहे, कारण सिलिकामुळे क्षयाचा धोका वाढतो आणि दोन्ही आजार एकाच छातीत नांदू शकतात. वर उल्लेखिलेल्या फरशीवाल्याची थुंकी आम्ही त्यानंतरही वेळोवेळी तपासत राहिलो.

संशय आल्यावर घाई करणे किंवा गप्प बसणे

'हे काम सोडा' असे पहिल्याच भेटीत सांगितले, की पुष्कळ रुग्ण पुन्हा येत नाहीत. रोजगार जाईल या भीतीने मुळातच त्यांनी अर्धी माहिती लपवलेली असते. रुग्णाला न विचारता मालकाला किंवा मुकादमाला फोन करणे तर त्याहून वाईट. ओले करून कापणे, खाते बदलून घेणे, योग्य प्रकारचा मास्क वापरणे यांपैकी काय शक्य आहे, हे आधी त्याच्याशी बोलावे. संवेदनशीलतेतून आलेल्या दम्यात मात्र संपर्क पूर्ण तुटणेच हिताचे असते आणि ते लवकर घडावे लागते, हे त्याला स्पष्ट सांगितले पाहिजे.

गप्प बसण्याची चूक कायद्याशी निगडित आहे. कारखान्यात काम करणाऱ्या किंवा पूर्वी केलेल्या रुग्णाला अनुसूचित आजार असल्याचे डॉक्टरला वाटले, तर त्याने विनाविलंब लेखी कळवावे, असे कारखाने अधिनियम, १९४८चे कलम ८९ सांगत आले. तिसऱ्या अनुसूचीत सिलिकोसिस, बिसिनोसिस, शिशाची विषबाधा आणि गोंगाटामुळे आलेला बहिरेपणा यांसह २९ आजार आहेत. व्यवसायविषयक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीसंबंधीच्या २०२०च्या संहितेनेही हे कर्तव्य डॉक्टरांवर कायम ठेवले आहे. यातला 'वाटले' हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण पक्का पुरावा गोळा होईपर्यंत थांबण्याची अपेक्षा कायद्याने केलेली नाही. महाराष्ट्रात हे पत्र औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे जाते. त्यात रुग्णाचे नाव व पूर्ण पत्ता, संशयित आजार आणि तो ज्या कारखान्यात आहे किंवा शेवटी होता त्याचे नाव व पत्ता, एवढेच लिहायचे असते. फरशीवाल्यासारखा ठेकेदाराच्या हाताखाली दर महिन्याला वेगळ्या इमारतीत काम करणारा रुग्ण या चौकटीत सहजी बसत नाही. त्याच्या केस पेपरवर निदानाखाली 'ग्रॅनाइट, कोरडे कटिंग, ११ वर्षे' असे लिहून, खाली सही आणि तारीख घालून, त्याची एक प्रत मी त्याच्याकडे ठेवायला दिली.