गोल होत नाहीत तर दोष कोचचा की पोरांचा? स्वतः कसं तपासायचं

१४ ऑक्टोबर २०२५ ला गोव्यात फातोर्ड्याला आपली इंडियाची फुटबॉल टीम सिंगापूरकडून २-१ ने हरली आणि २०२७ च्या एशियन कपची वाट बंद झाली, त्या रात्री माझ्या फोनवर दोनच प्रकारचे मेसेज येत होते, एक तर कोच बदला, नाहीतर ह्या पोरांना गोलच मारता येत नाहीत. मला दोन्ही पटेनात. त्याच मॅचमध्ये आपल्या छांगतेने १४ व्या मिनिटाला लांबून जो गोल ठोकला तो बघितल्यावर येत नाही असं कसं म्हणायचं, आणि कोच खालिद जमीलला काम हातात घेऊन जेमतेम अडीच महिने झालेले, तर सगळं त्याच्या माथी तरी कसं मारायचं. मी गेली काही वर्षं इंडियाच्या मॅचेस वही घेऊन बघतो, आणि कोच की प्लेयर ह्या भांडणाचं उत्तर बऱ्यापैकी त्या वहीत सापडतं, म्हणून ती पद्धत इथे लिहितोय.

सगळ्यात आधी, स्कोर विसरा आणि प्रत्येक अटॅक कुठे मेला तेवढंच लिहा. बॉल आपल्याकडे आला, पुढे निघाला, आणि गेला कुठे? आपल्याच हाफमध्ये गेला, मधे गेला, बॉक्सच्या बाहेर गेला, की बॉक्समध्ये शॉट मारून गेला, असे चार रकाने पुरतात. नुसत्या रेघा मारायच्या. हाफ टाइमला रेघा मोजल्या की निम्मं भांडण मिटतं, कारण बॉल बॉक्सपर्यंत पोचतच नसेल तर स्ट्रायकरला शिव्या घालण्यात काय अर्थ आहे, त्या बिचाऱ्याच्या पायाला बॉलच लागलेला नसतो.

हाँगकाँगची मॅच घ्या, १० जून २०२५. पहिल्या हाफमध्ये लिस्टन कुलासोने डावीकडून आत घुसून आशिकला मस्त कट-बॅक, म्हणजे गोललाइनजवळून मागे पास, दिला, समोर मोकळा गोल म्हणावा इतका सोपा चान्स, आणि तो बाहेर गेला. शेवटी इंज्युरी टाइममध्ये पेनल्टीवर आपण १-० ने हरलो. तो एक चान्स माझ्या वहीत सरळ प्लेयरच्या नावावर आहे. मूव्ह बरोबर, रन बरोबर, पास बरोबर, फक्त शेवटचा टच चुकला, आणि तो टच कुठलाच कोच बाहेरून मारू शकत नाही.

आता त्याच्या अगदी उलटं, जानेवारी २०२४ चा कतारमधला एशियन कप. ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३, सीरियाकडून ०-१, तीन मॅच आणि एकही गोल नाही. छेत्रीचा पहिल्याच मॅचमधला हेडर बाहेर गेला ते सगळ्यांच्या लक्षात राहिलं, पण तिथे खरा प्रॉब्लेम आधीचा होता, बॉल जिंकल्यावर दोन-तीन पासात तो परत समोरच्यांकडे जायचा. एकदा झालं तर प्लेयर चुकला म्हणू, पण तीन मॅचमध्ये वेगवेगळ्या लोकांकडून तेच होत असेल तर पास द्यायला जवळ कोण उभा आहे हे बघावं लागतं.

माझ्या अनुभवात सगळ्यात कामाची कसोटी हीच आहे. एकच चूक वेगवेगळे खेळाडू करत असतील तर आधी कोचकडे बघा, आणि एकच खेळाडू वेगवेगळ्या मॅचमध्ये, वेगवेगळ्या जागी चुकत असेल तर खेळाडूकडे. शंभर टक्के बरोबर येईल असं नाही, पण रागाच्या भरात टाकलेल्या मेसेजपेक्षा खूपच बरं.

दुसरी गोष्ट म्हणजे पॉज. विंगर बॉल घेऊन कोपऱ्याकडे पोचला की त्या क्षणी व्हिडिओ थांबवा आणि बॉलकडे न बघता बॉक्समध्ये आपली किती माणसं आहेत ते मोजा. जवळच्या पोस्टला कोणी धावतंय का, पेनल्टी स्पॉटच्या आसपास कोणी आहे का, लांबच्या पोस्टला कोणी आहे का. दर वेळी एकटा स्ट्रायकर दोन डिफेंडरच्या मधे अडकलेला दिसला तर ते शिकवण्यातलं किंवा प्लॅनमधलं आहे, कारण मागून कोणी कधी धावायचं हे ट्रेनिंगमध्ये ठरतं. आणि तीन जण आत आहेत, जागाही बरोबर आहेत, तरी क्रॉस दर वेळी पहिल्याच डिफेंडरच्या अंगावर जातोय, तर ती क्रॉस मारणाऱ्याची गोष्ट आहे. हे टीव्हीवर नीट कळत नाही हेही सांगतो, कॅमेरा बॉलमागे फिरतो आणि बाकीचं मैदान कापलं जातं. म्हणून जमेल तेव्हा स्टेडियममध्ये जा आणि वर बसा. कोल्हापूरला शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून मॅच बघितलेल्याला हे लगेच कळेल, वरून बॉल नसलेली माणसं दिसतात, आणि कोण रन करतोय, कोण नुसता उभा आहे ते तिथेच कळतं.

सेट पीसचा रकाना वेगळा ठेवा. कॉर्नर आणि फ्री किक हा कोचचा सगळ्यात स्वच्छ पुरावा, बॉल थांबलेला असतो आणि कोणी कुठे पळायचं हे आधी ठरवता येतं. मार्च २०२५ मध्ये शिलाँगला मालदीवला ३-० ने हरवलं, आणि २०२४ चं अख्खं वर्ष एकही मॅच न जिंकलेल्या टीमला विजय मिळाला, तेव्हा पहिला गोल आपल्या मुंबईच्या राहुल भेकेने कॉर्नरवर हेडर मारून केला होता. २०१७ च्या अंडर-१७ वर्ल्ड कपमध्येही तेच, आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव त्या टीममध्ये फॉरवर्ड होता, तीन मॅचमध्ये आपला एकच गोल झाला, आणि तो जॅक्सन सिंगने कोलंबियाविरुद्ध कॉर्नरवर हेडरने मारला. म्हणजे बसवलेली गोष्ट आपल्याला जमते, आपण अडकतो ते चालू खेळात. मालदीवनंतर सहाच दिवसांनी, त्याच शिलाँगमध्ये बांगलादेशशी ०-०. कोच तोच, मैदान तेच. त्यामुळे एका मॅचवरून निकाल देऊ नका, निदान पाच-सहा मॅचच्या रेघा साठू द्या.

आकडे बघायचे असतील तर एक्सजी (एक्स्पेक्टेड गोल्स) बघा, घाबरण्यासारखं काही नाही त्यात. चान्स किती चांगला होता त्याला ० ते १ मधला आकडा देतात, पेनल्टीला पाऊण गोलाच्या जरा वर आकडा मिळतो, लांबून मारलेल्या शॉटला अगदी किरकोळ. बऱ्याच मॅचेसमध्ये एक्सजी भरपूर आणि गोल कमी असतील तर फिनिशिंगचं दुखणं आहे, आणि एक्सजीच नसेल तर चान्सच तयार होत नाहीयेत. फक्त चान्स तयार होत नाहीत म्हणजे लगेच कोच दोषी असं धरू नका, फर्स्ट टच दोन मीटर लांब जात असेल तर जगातला कुठलाही प्लॅन कागदावरच राहतो.

कोच बदलल्यावर काय झालं हेही बघा, पण जपून. जानेवारी २०२१ मध्ये चेल्सी क्लबने कोच लॅम्पार्डला काढून टुखेलला आणलं आणि जवळपास त्याच पोरांनी मे महिन्यात चॅम्पियन्स लीग जिंकली. लोक हे उदाहरण कोचच सगळं असतो हे सिद्ध करायला देतात. नीट बघितलं तर पहिल्यांदा काय सुधारलं, तर गोल खाणं एकदम कमी झालं. त्यांचा स्ट्रायकर वेर्नर मात्र टुखेलकडेही सोपे चान्स घालवतच होता, अख्ख्या लीग सीझनमध्ये त्याचे सहा गोल. एकाच टीममध्ये दोन उत्तरं खरी असू शकतात, बचावाचं उत्तर कोच आणि गोलांचं उत्तर खेळाडू.

इंडियाच्या बाबतीत मात्र माझी वही दर वेळी तिसऱ्याच ठिकाणी जाते, आणि ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं. रकाने भरताना शेवटी एक प्रश्न लिहा, हा खेळाडू त्याच्या क्लबमध्ये कुठल्या जागी खेळतो? आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) बहुतेक क्लब नऊ नंबरच्या, म्हणजे मुख्य स्ट्रायकरच्या जागी परदेशी स्ट्रायकर खेळवतात, आपली पोरं विंगला सरकतात किंवा बेंचवर बसतात. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये सगळ्यात जास्त गोल मारणारा भारतीय कोण होता, तर १४ गोलांसह सुनील छेत्री, वय ४०. जून २०२४ मध्ये इंडियाच्या टीममधून रिटायर झालेल्या माणसाला मार्च २०२५ मध्ये परत बोलवावं लागलं आणि त्याने मालदीवविरुद्ध त्याचा ९५ वा गोल मारलासुद्धा. नॅशनल कोचला तर मॅचच्या आधी मोजके दिवस मिळतात, तेवढ्यात तो रन आणि सेट पीस बसवू शकतो, पण वर्षभर विंगला खेळलेल्या पोराला बॉक्समधला स्ट्रायकर कसा करणार? कोच स्टिमाच गेला, मार्केझ गेला, मग जमील आला, आणि रकाना तोच रिकामा. म्हणून हा क्लबमधल्या जागेचा रकाना वहीत नक्की ठेवा, नाहीतर सगळी गणितं करून पण उत्तर चुकेल.

तुम्ही स्वतः गल्लीतली किंवा शाळेची टीम शिकवत असाल तर हीच वही उलटी वापरा. रेघा बॉक्समध्ये जास्त पडल्या तर ट्रेनिंगच्या शेवटी वीस मिनिटं नुसतं फिनिशिंग द्या, पण थांबलेल्या बॉलवर नको, अंगावर डिफेंडर असताना आणि पाय दमलेले असताना. रेघा मधल्या रकान्यात जास्त असतील तर छोट्या जागेत चार विरुद्ध दोन खेळवा, पास दिल्यावर लगेच हलायला लावा. आणि बॉक्समध्ये माणसंच पोचत नसतील तर पोरांवर ओरडू नका, विंगरकडे बॉल गेला की कोणी कुठे पळायचं हे मैदानात चालत चालत दाखवा, मग हळू धावत, मग फुल स्पीडला. आमच्या पोरांना हे अंगवळणी पडायला दीड महिना लागला, त्याआधी मी त्यांच्यावर उगाच ओरडत होतो.