आईची थायरॉईडची गोळी आणि पहाटेचा चहा

शिवाजी पेठेत माझं मेडिकलचं दुकान आहे. तरी घरातल्याच गोळीचा घोळ मला वर्षभर कळला नाही. आई 74 ची. उन्हाळ्यातही अंगावर शाल, पोट साफ नाही, बोलणं जड. आम्ही म्हणायचो, "वय झालं की." तपासलं तर टीएसएच (थायरॉईड ग्रंथी कमी पडली की रक्तात चढणारा आकडा) वाढलेला. गोळी सुरू झाली, तरी आकडा हलेना. डॉक्टरांनी डोस दोनदा वाढवला.

मग एका शुक्रवारी पहाटे मी बघितलं. अंबाबाईच्या काकड आरतीला निघायच्या गडबडीत आईनं थायरॉईडची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि चहाचा घोट एकदमच घशाखाली घातला. "एकाच जागी जातात की रे सगळ्या!"

जातात, पण चहा आणि कॅल्शियममुळे थायरॉईडची गोळी आतड्यात नीट शोषली जात नाही. ती उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा-नाष्टा त्यानंतर अर्ध्या ते एक तासानं. कॅल्शियम, लोह किंवा अँटासिड असेल तर मध्ये चार तास जाऊ द्यायचे. पहाटेचा चहा सुटतच नसेल तर डॉक्टरांना विचारून रात्री झोपताना घेता येते, पण जेवण होऊन तीन तास झालेले हवेत. आमच्याकडे दहाला पांढरा रस्सा ताटात येतो, त्यामुळे तो मार्ग बंद.

इथं माझी दुसरी चूक झाली. आईची सवय सुधारली, पण डॉक्टरांना कळवायचं राहिलं. वाढवलेला डोस आता पुरता अंगी लागायला लागला आणि महिन्याभरात छातीत धडधड सुरू झाली. म्हाताऱ्या माणसात गोळीतलं थायरॉईडचं हार्मोन जास्त झालं की हात थरथरणं, घाम ही लक्षणं दिसतीलच असं नाही. नुसता थकवा येतो, नाडी बेताल होते आणि आतल्या आत हाडं झिजतात. म्हणून गोळीची वेळ किंवा डोस बदलला की डॉक्टरांना सांगा आणि सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा तपासा. केसांसाठी बायोटिन घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी दोन दिवस बंद ठेवा, त्यानं आकडे चुकतात.

रिपोर्टवर ठळक आकडा दिसला म्हणून लगेच गोळी मागायला माझ्याकडे येऊ नका. सत्तरीनंतर टीएसएच थोडा वर सरकतोच. सहा-सातपर्यंत असेल आणि त्रास नसेल तर डॉक्टर बहुतेक वेळा दोन-तीन महिन्यांनी फेरतपासणी करतात.

वयानं बाकीची हार्मोनंही बदलतात. बायकांचं इस्ट्रोजेन पाळी जाताना झपाट्यानं उतरतं आणि पुढची काही वर्षं हाडं सगळ्यात वेगानं विरळ होतात. गंगावेशीतल्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध आईला प्रिय, पण नुसत्या दुधानं भागत नाही (आणि ते उकळूनच प्या, कट्ट्यावरची मंडळी रागावली तरी). रंकाळ्यावर कोवळ्या उन्हात चालणं हवं, पासष्टीनंतर एकदा हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी हवी. पूर्वी हात पोचायचा ती फळी आता उंच वाटायला लागली, तर मणका दबलाय का ते बघून घ्या.

पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन हळूहळू उतरतं. सकाळी रक्त तपासल्याशिवाय ताकदीच्या इंजेक्शनच्या मागं लागू नका.

गुडघेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांचं मात्र मला भय वाटतं. दोन दिवसांत गुण येतो, कारण काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं असतं. पुढं चेहरा गोल होतो, साखर चढते, कातडीवर काळेनिळे डाग उठतात. मूत्रपिंडावरची ग्रंथी स्वतःचं तसलंच हार्मोन बनवणं कमी करते, म्हणून बरेच दिवस घेतलेली पुडी एकदम बंद केली तर माणूस कोसळू शकतो. पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा, ते बेतानं सोडवतात.

आईची थायरॉईडची बाटली आता उशाशी, पाण्याच्या तांब्याजवळ. कॅल्शियमची मी भाकरीच्या बुट्टीशेजारी हलवली, ती दुपारच्या जेवणानंतर. शुक्रवारी गोळी घेऊन ती आरतीला जाते आणि चहा परत आल्यावर पिते, कुरकुरत.