खो-खो, केमिस्ट्री आणि बुडालेली तीन प्रॅक्टिकल्स

मुंबईत बी.एस्सी. केमिस्ट्री करताना मी विद्यापीठाच्या मुलींच्या खो-खो संघातही होते. यंदा कॉलेजात आणि मैदानावर एकदमच पाऊल ठेवणाऱ्या मुलींसाठी हे लिहितेय.

बुडालेलं लेक्चर भरून काढता येतं, प्रॅक्टिकल नाही. लेक्चरची वही मैत्रीण देते. पण टायट्रेशनमध्ये (एक द्रावण दुसऱ्यात थेंबाथेंबाने सोडून मोजायच्या प्रयोगात) गुलाबी छटा नेमक्या कुठल्या थेंबाला टिकते, हे वही वाचून येत नाही, त्याला हात बसावा लागतो. दुसऱ्या वर्षी पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेचं शिबिर आणि सामने यांत माझी तीन प्रॅक्टिकल्स गेली. परतल्यावर क्रीडा विभागाचं पत्र घेऊन प्रॅक्टिकलच्या मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "अगं, जायच्या आधी सांगितलं असतंस तर दुसऱ्या बॅचला बसवलं असतं. आता सगळ्या बॅचेस झाल्या." जर्नल, म्हणजे प्रयोगवही, सर्टिफाय झालं नाही, विषय राहिला. त्या रात्री खूप रडले.

म्हणून निवड यादी लागली की त्याच दिवशी क्रीडा विभागाचं पत्र विभागप्रमुखांना द्या आणि पोच घ्या. ७५ टक्के हजेरीचा प्रश्न निघतो तेव्हा हीच पोच कामी येते.

आमचे सामने नेमके परीक्षेच्या तोंडावर यायचे. पण जुलै-ऑगस्टात मैदानात चिखल असतो, सराव निम्म्यावर येतो. ते दोन महिने मी पुढे अभ्यासालाच दिले. शिबिरात दोन वेळचा सराव झाला की पुस्तक उघडलं तरी डोळे मिटतात, तिथल्या भरवशावर काही ठेवू नका.

खेळासाठी वर्ष सोडायचा विचार तर मनातही आणू नका. आंतरविद्यापीठ स्पर्धेला नियमित विद्यार्थीच लागतो, वय १७ ते २५. सवलतीच्या गुणांवरही विसंबू नका, ते काठावरच्याला हात देतात, इतकंच. प्रमाणपत्रं मात्र जिवापाड जपा. सरकारी नोकरीतल्या ५ टक्के खेळाडू आरक्षणासाठी त्यांची पडताळणी होते, तेव्हा मूळ कागद लागतो.

तिसऱ्या वर्षी मी आधीच बॅच बदलून घेतली. सकाळी प्रॅक्टिकलला दिलेलं सॉल्ट (क्षार) ओळखलं, जर्नलवर सही घेतली आणि किटबॅग खांद्याला लावून तिथूनच स्टेशन गाठलं. गाडीत कोच सरांनी विचारलं, "प्रॅक्टिकल झालं का गं?" सही दाखवली, तेव्हा त्यांनी खिडकीची जागा दिली.