जुन्या लादीवर नवी फरशी निवडताना

वाशी-नेरूळच्या जुन्या इमारती असोत की ठाण्याच्या नौपाड्यातल्या सोसायट्या, बऱ्याच घरांत अजून मोझॅकच्या लाद्या आहेत. त्या न फोडता वरून काय बसवता येईल, हे दुकानातल्या नमुन्यांवरून ठरवू नका. जुनी लादी किती घट्ट आहे, खाली ओल आहे का आणि दारापाशी किती जागा उरते, हे आधी पाहा.

लाकडी दांड्याने किंवा नाण्याने एकेक लादी वाजवा आणि पोकळ वाजणाऱ्या लादीवर खडूने फुली मारा. तुरळक फुल्या असतील तर तेवढ्याच लाद्या काढून खड्डा सिमेंट-वाळूने भरा आणि आठवडाभर वाळू द्या. अर्ध्या खोलीत फुल्या दिसल्या तर मात्र सगळे फोडून घ्या. नवी टाइल जुन्या लादीच्याच आधाराने टिकते. जुनी सुटली की दोन्ही एकत्र उचकटतात. आधीच लादीवर लादी बसवलेली असेल तर तिसरा थर देऊ नका. टाइल आणि ती चिकटवायचा मसाला (अ‍ॅडहेसिव्ह) मिळून चौरस फुटाला साधारण ३ किलो वजन वाढते, म्हणून सोसायटीची लेखी परवानगीही घ्या.

तळमजल्यावर ओल तपासायला मीटरभर प्लॅस्टिक जमिनीवर पसरा, चारही कडा टेपने बंद करा आणि ४८ तासांनी उचलून पाहा. खालून दव धरले असेल तर ओल आहे. ही तपासणी जुलै-ऑगस्टमध्ये करणे सगळ्यांत चांगले, कारण मे महिन्यात कोरडी वाटणारी जमीनही पावसाळ्यात पाझरते. ओल कुठून येते ते शोधून बंद केल्याशिवाय पुढे जाऊ नका. नाहीतर टाइलच्या सांध्यांतून पांढरा खार वर येतो आणि एसपीसीच्या, म्हणजे दगडाची भुकटी आणि प्लॅस्टिक मिळून केलेल्या, फळ्यांखाली बुरशीचा वास धरतो.

आता उंची. ९ ते १० मिमीची टाइल आणि ३ ते ५ मिमी अ‍ॅडहेसिव्ह धरले की जमीन साधारण १५ मिमी वर येते. लाकडी दार खालून रंधता येते, लोखंडी सेफ्टी डोअर मात्र फॅब्रिकेटरकडून कापून घ्यावे लागते. बाथरूमचा उंबरठा २० मिमीच असेल तर काम झाल्यावर ५ मिमी उरेल आणि पाणी खोलीत येईल. तिथे उंबरठ्याची पट्टी आधी वाढवून घ्या. एवढी जागाच नसेल तर फक्त ५ ते ६ मिमी जाडीचे एसपीसी सोयीचे.

हॉल आणि स्वयंपाकघराला डबल चार्ज व्हिट्रिफाइड टाइल उत्तम. तिचा रंग वरच्या ३-४ मिमी थरात असतो, त्यामुळे ओरखडा चटकन दिसत नाही. ओट्यापाशी मॅट फिनिश घ्या, बाल्कनीत ओल्यातही सहसा न घसरणारी, आर ११ दर्जाची. खालची जमीन थोडीशीही उंचसखल असेल तर मोठ्या टाइलचा मोह टाळून ६०० बाय ६०० मिमीच घ्या. मोठी टाइल खोलगट भागावर अधांतरी राहते आणि तिथेच तडकते. कोटा आणि संगमरवर लिंबू-चिंचेच्या आंबटाने डागाळतात, म्हणून स्वयंपाकघरात नकोत. लॅमिनेट इथल्या दमट हवेत आणि रोजच्या ओल्या फडक्याने सांध्यांवर फुगते. ते आम्ही सुचवत नाही.

१० बाय १२ फुटांच्या खोलीला १० टक्के वाया जाणारे धरून १३२ चौरस फूट माल लागतो. चार टाइलांचा बॉक्स साधारण १५.५ चौरस फुटांचा, म्हणजे ९ बॉक्स. सगळ्या बॉक्सवरचा शेड आणि बॅच क्रमांक एकच आहे ना, हे टेम्पो परत जाण्याआधी पाहा. अ‍ॅडहेसिव्हच्या २० किलोच्या तीन गोण्या लागतील. गोणीवर ‘टाइलवर टाइल’साठी चालते असे लिहिलेले असावे. जुन्या लादीवर सिमेंटचा रबडा धरत नाही.

लादीवरचे मेण आणि तेलकटपणा सोड्याने धुऊन काढा, ग्राइंडरने पॉलिश खरवडा आणि धूळ पूर्ण पुसा. अ‍ॅडहेसिव्ह दातेरी करणीने पसरवताना पंखा बंद ठेवा; वाऱ्याने त्यावर साय धरली की टाइल चिकटत नाही. अधूनमधून एखादी टाइल उचलून पाहा, पाठीमागे जवळपास सगळीकडे मसाला लागलेला दिसला पाहिजे. टाइलांमध्ये २ मिमीचे स्पेसर ठेवा आणि भिंतीपाशी ५-६ मिमी फट मोकळी सोडा, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. सांधे अजिबात दिसू नयेत असा आग्रह अनेकांचा असतो. पण उष्णतेने टाइला प्रसरण पावतात आणि फट नसेल तर एक दिवस मधल्या रांगा तंबूसारख्या वर येतात. सांध्यांतले ग्राउट (फट बुजवायची पूड) २४ तासांनी भरा.

एसपीसीला याउलट अ‍ॅडहेसिव्ह लागत नाही, पण जमीन सपाट लागते: दोन मीटरच्या पट्टीखाली ३ मिमीपेक्षा जास्त फरक नको. भिंतीपाशी ८-१० मिमी फट सोडा आणि भिंतीतली कपाटे या फळ्यांवर बसवू नका, फळ्या जखडल्या की त्यांना एकमेकींत अडकवणारी खाच तुटते. पश्चिमेच्या मोठ्या खिडकीपाशी दुपारचे थेट ऊन पडत असेल तर तिथे जाड पडदा हवाच.