ठेल्यावरची ओळ ग्रुपवर कशी टाकावी

नागपुरात चांगली ओळ कानावर पडायला वेळ लागत नाही. तर्री-पोह्याच्या ठेल्यावर, इतवारीतल्या दुकानाच्या पायरीवर, लग्नाच्या पंगतीत, कुठेही अर्धा तास उभं राहा, एखादा भाऊ असं काही बोलून जातो की चहाचा ठसका लागतो. अडचण पुढची आहे. तीच ओळ संध्याकाळी कॉलनीच्या किंवा शाळेच्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली की दोन अंगठे येतात आणि खाली कुणीतरी टँकर कधी येणार ते विचारतं. ओळ वाईट नव्हती, उतरवताना मेली.

टिपणं. ऐकल्याबरोबर मोबाइलच्या नोट्समध्ये शब्दशः लिहा. कोण कशावरून बोललं तेही दोन शब्दांत लिहा. घरी जाऊन लिहू म्हटलं की आशय उरतो, शब्द जातात, आणि विनोद शब्दांतच असतो.

उतरवणं. इथेच सगळे पडतात आणि याबद्दलच सगळ्यात वाईट सल्ले मिळतात. ‘शुद्ध मराठीत लिहा, सगळ्यांना कळेल’ हा त्यातला पहिला. एक नमुना घ्या. ठेल्यावर ओळ अशी येते:

‘अबे आमच्या घरी ना, पाच जन हाये, पन कूलरमधलं पानी संपलं ना, का मंग कोनीच नाही रायत, फक्त माय रायते.’

सल्ला पाळणारा तिचं असं करतो:

‘आमच्या घरात पाच सदस्य आहेत, परंतु कूलरमधील पाणी संपल्यावर फक्त आईच उपलब्ध असते.’

ही तर महापालिकेची सूचना झाली. आता ही पाहा:

‘घरी मानसं पाच. कूलरचं पानी संपलं का एकटी माय.’

या तिसऱ्या ओळीत काय केलं ते नीट बघा, कारण बहुतेक ओळींना हेच करावं लागतं. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं. बोलताना त्यानं बिघडत नाही, बोलणारा ‘माय’वर जोर देतो आणि ‘रायते’ गिळून टाकतो. लिहिताना मात्र ‘रायते’ आणि ‘असते’ला ‘माय’इतकंच वजन मिळतं. हसू ज्या शब्दावर फुटायचं, त्याच्यापुढे आणखी एक शब्द वाचावा लागला की ते विरतं. म्हणून हुकमाचा शब्द शेवटी ठेवा. क्रियापद उडवता आलं तर उडवा, नाहीतर आधी घ्या. जुन्या म्हणी हेच करत आल्या आहेत. ‘आयत्या बिळावर नागोबा’, ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’, यांत क्रियापद औषधालाही नाही. ‘अडला हरी, गाढवाचे पाय धरी’मध्ये ते शेवटी आहे, पण तिथे यमकच त्याच्यावर उभं आहे. तुमच्या क्रियापदावर यमक नसेल तर त्याला शेवटची जागा देऊ नका.

दुसरं, ‘ना’, ‘पन’, ‘मंग’, ‘म्हणजे’ हे सगळं कापा. बोलणाऱ्याला ते श्वास घ्यायला लागतं, वाचणाऱ्याला नाही. पण ‘मानसं’चं ‘माणसं’ आणि ‘का’चं ‘की’ करू नका, कारण ओळीची चव त्यातच आहे. ‘तो येऊन राहिला’ असं कुणी म्हटलं असेल तर ‘तो येत आहे’ लिहिणारा ओळ पुण्याला पाठवतो आणि ती तिकडेच राहते. उलटा गुन्हाही तितकाच मोठा. बोलणारा साध्या शहरी मराठीत बोलला असेल तर वरून ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ शिंपडून तिला वऱ्हाडी करू नका. खोटी वऱ्हाडी अकोल्याचा माणूस पहिल्या शब्दाला ओळखतो. मध्ये हिंदी आली असेल तर तीही तशीच राहू द्या. नागपूरकर अर्धं वाक्य हिंदीत बोलतोच, ते मराठीत आणलं की वाक्याचं हाडच मोडतं.

‘बे’ मात्र ग्रुप बघून ठेवा. मित्रांत चालतं. काका-मामा असलेल्या ग्रुपवर नुसतं ‘बे’ वाचलं तर उद्धट वाटतं, कारण सोबतचं हसू पडद्यावर येत नाही. ‘बाप्पा’ किंवा ‘भाऊ’ कुठेही चालतं, पण एकदाच.

इमोजी टाकायचे नाहीत. हसून लोळणारे तीन चेहरे आधीच टाकले, तर वाचणाऱ्यानं करायचं काय? ठिपक्यांची रांग घालून शेवटचा शब्द खाली ढकलायचा प्रकारही बंद करा. थांबा हवा असेल तर पूर्णविराम पुरतो, वरच्या नमुन्यात ‘पाच’नंतर आहे तसा. आणि गुलाबाच्या फोटोवर तर ओळ कधीच चिकटवू नये. अक्षरांत टाकलेली ओळ पुढच्या वर्षीही शोधून सापडते, फोटोतली गॅलरीत गाडली जाते.

शब्द पंधराच्या आत असू द्या. मग घरातल्या कुणाला तरी ओळ वाचायला द्या, स्वतः वाचून दाखवू नका. वाचून दाखवली तर तुमचा आवाज तिला सांभाळून नेतो आणि खोट कळत नाही. समोरच्याला ‘म्हणजे त्याचं असं झालं’ सांगावं लागलं तर ओळ त्या जागेची, त्या प्रसंगाची होती. ती तिथेच सोडा. पुण्या-मुंबईचे नातेवाईक ग्रुपवर असतील तर सांबारावरची ओळ त्यांच्यापुढे टाकू नका. तुम्ही कोथिंबिरीबद्दल बोलताय, ते इडली शोधतात.

म्हण टाकायची असेल तर. नुसती म्हण कुणी वाचत नाही, तिला निमित्त लागतं. नवीन ऑफिसातही साहेब तसाच निघाला असं कुणी लिहिलं, तर त्याच्या खाली ‘पळसाला पाने तीनच’ बसते. सोमवारी सकाळी उगाच टाकलेली तीच म्हण सुविचार होते. म्हण वळवायची असेल तर नामं बदला, सांगाडा हलवू नका. ‘आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार’ याचं मे महिन्यात ‘नळात नाही ते कूलरमध्ये कुठून येणार’ होतं. मागची म्हण ऐकू आली पाहिजे, तरच नवी कळते. जातीची नावं असलेल्या आणि विधवांवर घसरणाऱ्या जुन्या म्हणी बऱ्याच आहेत. ‘परंपरा आहे’ म्हणून त्या टाकणाऱ्यांशी वाद घालण्यापेक्षा आपण त्या टाकू नयेत.

नाव कुणाचं? ठेल्यावर ऐकलं असेल तर ‘ठेल्यावर ऐकलं’ एवढं पुरे. ओळखीच्या माणसाचं नाव त्याला विचारूनच घाला. आणि माहीत नसेल तर खाली पु. ल. लिहू नका. पु. लं.चं निधन २००० साली झालं, व्हॉट्सअ‍ॅप २००९ मध्ये आलं. तरी ग्रुप आणि सेल्फीवरची वाक्यं त्यांच्या नावानं बिनदिक्कत फिरतात. सालं ताडून बघायला मिनिट लागत नाही. नुसतं फॉरवर्डही करू नका. फार फिरलेल्या मेसेजवर तसा शिक्का येतो आणि २०२० पासून तो एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येतो. शिक्का दिसला की लोक न वाचता पुढे सरकतात. आवडलेली ओळ स्वतः टाइप करा. टाइप करताना अर्ध्या ओळी तुम्हालाच आवडेनाशा होतात, हा वरचा फायदा.

वेळ. आधी ग्रुपवरचे शेवटचे दहा मेसेज वाचा. श्रद्धांजली चालू असेल तर ओळ दुसऱ्या दिवसावर टाका. सकाळी गुड मॉर्निंगच्या ढिगाऱ्यात टाकू नका, संध्याकाळी सात-आठच्या सुमारास टाका. आठवड्याला दोन ओळी खूप झाल्या. रोज टाकणाऱ्याला लोक म्यूट करतात आणि मग चांगलीही वाया जाते.

काही ओळींना मात्र ठरलेला दिवस असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते, म्हणजे इडापिडा गावाबाहेर नेणाऱ्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबतच्या बडग्यांच्या, म्हणजे चालू घडामोडींना टोमणे मारणाऱ्या पुतळ्यांच्या, गळ्यातले फलक म्हणजे एका ओळीची शाळाच. मिरवणूक पुढे सरकत असते, गर्दीतून दोन-तीन सेकंद दिसेल तेवढंच वाचलं जातं, म्हणून तिथे फालतू शब्द टिकत नाही. फलकाचा फोटो काढा, पण ग्रुपवर ओळ टाइप करून टाका आणि त्याच दिवशी टाका. दोन दिवसांनी ती शिळी होते. ‘घेऊन जा गे मारबत’वर स्वतः ओळ रचायची असेल तर गोष्टी तीनच घ्या आणि सगळ्यात जवळचा त्रास शेवटी ठेवा: ‘डास, खड्डे, गुड मॉर्निंगचे फोटो घेऊन जा गे मारबत!’ चार घेतल्या की यादी होते. शेवटी ‘डास’ ठेवून बघा, ओळ कोसळते. डिसेंबरातल्या हिवाळी अधिवेशनाचंही तसंच, अधिवेशन संपलं की त्यावरच्या ओळी पुढच्या वर्षापर्यंत बांधून ठेवाव्यात.

टाकल्यावर. चूक दिसली तर पंधरा मिनिटांत मेसेज दुरुस्त करता येतो. तेवढ्या वेळात शुद्धलेखन सुधारा, विनोद सुधारू नका. कुणी हसलं नाही तर ‘समजलं का?’ विचारू नका, समजावूनही सांगू नका. ओळ ग्रुपमधल्याच कुणाला लागली असेल तर काढून टाका आणि त्याला वेगळा फोन करा, ग्रुपवर माफीनामे नकोत. आणि कुणी वरचढ ओळ टाकली तर लगेच तिसरी टाकायला धावू नका. ती आधी नोट्समध्ये टिपून घ्या.